जेवणानंतर उठायचं नाही

मंगळवार, ४ नोव्हेंबर १९८६

विहीणबाई,

आधी आला तो मिंडरहाउट. सायकली दुरुस्त करतो तो, लाल कानांचा. आमच्या चर्चच्या मंडळीचे वडीलधारे वर्षातून एकदा दोघं-दोघं घरोघर येतात. घरात प्रार्थना कोण करतं, बायबलातलं शास्त्र कोण वाचतं, पोराबाळांना काय येतं, ते विचारतात. काल आमची पाळी होती. मिंडरहाउट वेळेच्या आधीच दारात हजर, पण आत काही येईना. कोपेयान आल्याशिवाय मी कसा येऊ, म्हणतो. बाहेर वारा असा की कोंबड्या उडून जातील, आणि हा टोपी छातीशी धरून उभा. मग कोपेयान आला, काळ्या मोटारीतून. कांद्याचा व्यापार आहे त्याचा, हाताला कधी कांद्याचा वास येत नाही, पण बोलला की डोळ्यांत पाणी आणतो.

तुमचं पत्र त्याच सकाळी आलेलं. पुढं लिहिण्याआधी त्याचं उत्तर देते. फोनवर दिलं असतं, पण तुम्ही फोन ठेवून देता. आणि पत्रही टाइप केलेलं. टाइप केलेलं भांडण मी या वयात पहिल्यांदा पाहिलं. माझं अक्षर कसंय ते दिसतंच आहे तुम्हाला. शाळा बाराव्या वर्षी सुटली, त्यानंतर हातात विळा होता. खुशाल हसा.

तुम्ही लिहिता, शरद ऋतूच्या सुट्टीत लोटे तुमच्याकडे हारलेमला आली, दुपारी जेवली, आणि जेवण झाल्यावर उठेचना. आजोबा बातम्या ऐकायला गेले, तुम्ही ताटल्या धुतल्या, पुसल्या, कपाटात ठेवल्या, आणि पोर आपली मांडीवर हात ठेवून बसलेली. पोट दुखतंय का विचारलंत तर म्हणाली, अजून संपलं नाही. त्यावरून तुम्ही मला लिहिता की सहा वर्षांच्या मुलीच्या मनात मी भीती घातली, तिला देवाचा धाक घालून खुर्चीला बांधून ठेवली, आणि तुमच्या लेकीच्या घरात माझ्या मुलानं जुन्या काळाचा अंधार आणला.

विहीणबाई, ते पान मी तीनदा वाचलं. मला एक पान वाचायला किती वेळ लागतो ते तुम्हाला ठाऊक नाही. आणि खरं सांगते, आनंदानं मला हुंदका आला. भीती नाही हो ती. पोरीला वाटलं, जेवण झालं की आभार मानायचे, मग कुणीतरी पुस्तक उघडतं, वाचतं, आणि मगच उठायचं. जगात सगळीकडे असंच असतं असं तिला वाटलं. तुमच्याकडे कुणी काही वाचेना, म्हणून बिचारी वाट बघत बसली. तुम्ही तिला वर्तमानपत्रातलं काही वाचून दाखवलं असतं तरी उठली असती.

आता अंधाराचं. माझे मालक मारिनस फेब्रुवारीत गेले आणि उन्हाळ्याच्या तोंडाला माझा योस बायको-मुलीला घेऊन माझ्याकडे राहायला आला. मी बोलावलं नव्हतं. कांद्याच्या गोदामात त्याला काम मिळालं आणि शहरातलं तुमच्या जवळचं भाडं त्याला परवडेना, हे तुम्हीच मला ऐकवलं होतंत. तेव्हापासून या घरात दुपारच्या जेवणानंतर वाचन होतं. रोज. मी प्रार्थना करते, मग वाचन होतं. एवढंच आहे. खुर्चीला दोरी नाही.

तर काल. कॉफी दिली, एकेक बिस्किट दिलं. कोपेयाननं योसला विचारलं, या घरात शास्त्र वाचलं जातं का? योस म्हणाला, वाचलं जातं. कोपेयान खूश झाला. एकोणिसाव्या वर्षी चर्चमधून निघून गेलेला मारिनसचा मुलगा परत मार्गाला लागला, म्हणून मान हलवली. तुमची हेस्टर शेगडीजवळ उभी होती, तिनं पुन्हा सगळ्यांच्या कपात कॉफी ओतली, भरलेल्या कपांतसुद्धा. शेवटी रिवाजाप्रमाणं कोपेयाननं स्वतः एक अध्याय वाचला आणि पुस्तक मिटलं. तेवढ्यात लोटे त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "शेवटचा शब्द काय होता?"

आता हा आमचा जुना रिवाज. वाचून झाल्यावर बाप पोरांना शेवटचा शब्द विचारतो, कोण ऐकत होतं आणि कोण खिडकीतून बाहेर बघत होतं ते कळावं म्हणून. पोरांनी वडीलधाऱ्यांना विचारायचा रिवाज मात्र कुठंच नाही. मिंडरहाउटला खोकला आला. कोपेयाननं तिला काय विचारलं आणि तिनं काय सांगितलं ते इथं लिहायची गरज नाही. तुमच्याशी त्याचा संबंध नाही.

नातीच्या मनात कोण काय घालतंय याची काळजी तुम्ही करू नका. तिचे गाल बघायला या, मग बोला.

तान्नेके


शनिवार, १५ नोव्हेंबर

विहीणबाई,

यावेळी हातानं लिहिलंत, म्हणजे राग खरा आहे. वाचायला मात्र जास्त वेळ लागला.

तुम्ही लिहिता की माझा योस हेस्टरला जबरदस्तीनं टेबलाशी बसवतो, तिला नवऱ्यासमोर बोलता येत नाही, आणि तुम्ही नाताळाच्या आधी येऊन लेकीला आणि नातीला घेऊन जाणार आहात. हेस्टरलाही तुम्ही वेगळं पत्र पाठवलंत. तिनं मला दाखवलं नाही. पण वाचल्यावर ती मागच्या अंगणात कपडे वाळत घालायला गेली आणि पाऊस पडत होता.

मागच्या पत्रात जे लिहिलं नव्हतं ते आता लिहिते, नाहीतर तुम्ही माझ्या पोराला कैदखान्यात घालाल.

तुमचा जावई वाचत नाही. तुमची लेक वाचते.

घ्या. आता खुर्चीवर बसा आणि पुढचं वाचा.

मारिनस होते तोवर तेच वाचायचे. जाडजूड आवाज, प्रत्येक शब्दावर बोट. कडक होते. शेवटचा शब्द ज्याला सांगता आला नाही त्यानं खुर्चीमागं उभं राहायचं, बाकीच्यांची वाचनानंतरची ताकाची लापशी संपेपर्यंत. योसला शब्द कधी सापडायचा नाही. असो, लापशी त्याला तशीही आवडत नसे. मारिनस गेल्यावर घरात वाचायला कुणी नाही. मी एकटी पुस्तक समोर ठेवून बसायची, चार ओळी होईपर्यंत कॉफी गार. मग ही तिघं आली. पहिल्या दिवशी जेवण झाल्यावर मी पुस्तक योसच्या ताटलीजवळ ठेवलं. तो उठला आणि बूट घालून गोदामात गेला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी पुस्तक ठेवायचं सोडलं नाही. माझा हट्ट तुम्हाला आता माहीत झालाच आहे.

आणि मग एका दुपारी हेस्टरनं हात पुसले, पुस्तक आपल्याकडं ओढलं आणि मला विचारलं, "आई, बाबा कुठपर्यंत आले होते?"

खुणेची फीत जिथं होती तिथून तिनं सुरुवात केली. आणि फीत होती कुठं, तर नुसत्या नावांच्या यादीत. अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा मुलगा फलाणा, पानंच्या पानं. मारिनस त्या यादीत अर्ध्यावर असताना गेले. दुसरं कुणी असतं तर पुढची चार पानं उलटली असती. मीही काही म्हटलं नसतं. तिनं एकही नाव सोडलं नाही. अडखळली की मागं जाऊन नीट म्हणायची. लोटे टेबलावर हनुवटी टेकून ऐकत होती, म्हणाली, यातल्या एकाचं नाव आपल्या बोक्याला द्यायचं का. दिलं. योस दारात एक बूट घालून उभा होता. दुसरा त्यानं घातला नाही.

तेव्हापासून रोज. हेस्टरनं मला आधीच सांगून टाकलंय, आई, मी वाचीन, पण प्रार्थना करणार नाही, कारण माझा विश्वास नाही आणि तुमच्यासमोर खोटं बोलायचं नाही मला. मी म्हटलं, प्रार्थना माझ्याकडं, वाचन तुझ्याकडं. असं वाटून घेतलं. शेवटचा शब्द ती कुणाला विचारत नाही. लोटे विचारते. बापाला विचारते, मला विचारते, आम्हाला सांगता आला नाही तर आम्हाला हसते. योससुद्धा हसतो. या टेबलाशी योसला हसताना मी त्याच्या लहानपणापासून पाहिलं नव्हतं.

आणि तुमची लेक इतकं छान का वाचते, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा हे तिला कुठून आलं, हे मी तिला विचारलं. म्हणाली, आईनं शिकवलं, शाळेत सगळ्या वर्गासमोर उभं करून वाचायला लावायची. तुम्ही, विहीणबाई. मारिनसच्या पुस्तकातून माझ्या घरात अर्धा आवाज तुमचा येतो आहे. हे लिहिताना मला किती बरं वाटतंय ते तुम्हाला कळणार नाही. किंवा कळेल.

पण आता बंद झालंय. ते दोघं आले त्या रात्री लोटेनं कोपेयानला सांगून टाकलं, आई वाचते, बाबा वाचत नाहीत. कोपेयाननं हेस्टरला विचारलं, बाई, तुमचा बाप्तिस्मा? नाही. विश्वास? नाही. मग का वाचता? हेस्टर म्हणाली, आईंना ऐकायचं असतं म्हणून. कोपेयान उठला. दोन दिवसांनी निरोप आला की पुस्तक घराच्या बापानं वाचावं, नाहीतर मिटलेलं राहावं, विश्वास नसलेल्या तोंडानं ते वाचलं जाऊ नये. आणि जोवर घर असं बिघडलेलं आहे तोवर तान्नेकेनं प्रभुभोजनाला, चर्चमधल्या भाकरी-द्राक्षारसाला, पुढं येऊ नये. ते तेवीस तारखेला आहे. लग्न झाल्यापासून एकदाही माझं चुकलेलं नाही, बाळंतपणं सोडून.

एका बाजूनं कोपेयान, दुसऱ्या बाजूनं तुम्ही. तो म्हणतो ती वाचायच्या लायकीची नाही, तुम्ही म्हणता वाचन तिच्या लायकीचं नाही. हेस्टर मला म्हणाली, "आई, तुमच्या माणसांनाही नको आणि माझ्या माणसांनाही नको. मग मी कुणासाठी घसा सुकवू?" आणि पुस्तक कपाटावर ठेवून दिलं.

शाबास, विहीणबाई. तुमचं आणि कोपेयानचं इतकं जमेल असं वाटलं नव्हतं. त्याचा पत्ता पाठवू का?

तान्नेके


सोमवार, २४ नोव्हेंबर

विहीणबाई,

तुमचं कार्ड मिळालं. एवढुसं. तुम्ही लिहिता, हेस्टर तिच्या मर्जीनं वाचत असेल तर ते मला तिच्याच तोंडून ऐकायचं आहे, आणि मी येते आहे. खाली तारीख. बस. तुमच्याकडून इतकं थोडं कधी आलं नव्हतं, मी कार्ड उलटून पाहिलं, मागं काही आहे का. बर्फातल्या चर्चचं चित्र होतं. तुम्ही चर्चचं चित्र विकत घेतलंत याचंही मला हसू आलं.

आता इकडचं ऐका, सगळं सांगते.

गेला आठवडाभर टेबल मुकं होतं. मी प्रार्थना करायची, मग सगळे ताटल्यांकडं बघायचे, मग उठायचे. गुरुवारी योसनं आपण होऊन पुस्तक कपाटावरून काढलं. मला वाटलं, चला, कोपेयान जिंकला तर जिंकला, वाचन तरी होईल. पण त्यानं तोंड उघडलं आणि मारिनसचाच आवाज निघाला. तोच जाडजूड, तसंच बोट शब्दाखाली. लोटे ऐकत ऐकत खुर्चीवरून खाली उतरली आणि खुर्चीमागं जाऊन उभी राहिली. तिला कुणी सांगितलं नव्हतं हो. योसनं तिच्याकडं पाहिलं, अर्ध्या ओळीत पुस्तक मिटलं आणि बाहेर गेला. बराच वेळ कोंबड्यांच्या खुराड्याशी उभा होता. खिळे ठोकत होता म्हणाला. खुराडं चांगलं होतं.

शुक्रवारी मी डोक्याला रुमाल बांधला आणि चालत कोपेयानच्या घरी गेले. त्याच्या बायकोनं पुढच्या खोलीत बसवलं, तिथं कुणी बसत नाही, सोफ्यावर प्लास्टिक आहे. मी म्हटलं, कोपेयान, योस वाचणार नाही. वाचायची ती हेस्टरच. तो म्हणाला, तान्नेके, मग रविवारी तुझी जागा बाकावर. मी म्हटलं, "बाकावर तर बाकावर. पण माझ्या स्वयंपाकघरात कोण वाचेल ते मी ठरवीन." तो म्हणाला, मारिनस असता तर असं बोलली नसतीस. मी म्हटलं, मारिनस असते तर तूही आला नसतास, तू त्यांना घाबरायचास. घरी येताना वाटेत बेकरीत थांबून दालचिनीचे चिकट पाव घेतले, सगळ्यांसाठी.

आणि काल प्रभुभोजन. पांढरं कापड घातलेलं टेबल, चांदीचा पेला. रांगा उठल्या, माझ्या बाकावरच्या सगळ्या बाया उठून पुढं गेल्या, मी गुडघे आखडून त्यांना वाट दिली. अख्ख्या बाकावर मोठ्यांपैकी मी एकटी. लोटे माझ्याजवळ होती, तिला मी पेपरमिंट दिली. तिनं विचारलं, आजी, तू का नाही गेलीस. मी म्हटलं, आज पाय दुखतायत. देवाच्या घरात खोटं बोलले. सगळी मंडळी मागं वळून बघत होती, आणि आमच्या गावात बघायला दुसरं काही नसतं. त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

घरी आलो. बटाटे, बेकन, घेवड्याच्या शेंगा. हेस्टर चर्चला येत नाही, तिनं सगळं तयार ठेवलं होतं. लोटेनं जाकीट काढायच्या आधीच सांगितलं, आजी बाकावर एकटी बसली. हेस्टरनं माझ्याकडं पाहिलं. मी बटाटे वाढत होते. जेवण झालं, मी डोळे मिटले, प्रार्थना केली, डोळे उघडले तर पुस्तक तिच्यासमोर. म्हणाली, "आई, आज मला वाचायचंय. कुणाला नको असेल त्यानं उठावं."

कुणी उठलं नाही. योसनं हात टेबलावर ठेवले.

आता ऐका. अध्याय होता त्या माणसाचा, ज्याचं गुरंढोरं, पोरंबाळं, सगळं गेलं आणि अंगावर फोड उठले, आणि त्याचे मित्र समाचाराला येऊन त्यालाच दोष देत बसतात. हेस्टर वाचत होती, तो मागचं दार वाजलं. आमच्याकडं मागच्या दारानंच येतात, वाजवतात आणि थांबत नाहीत. कोपेयान आणि मिंडरहाउट. मंडळीनं माझा रिकामा बाक पाहिला होता, बाया विचारायला लागल्या होत्या, तेव्हा दुपारच्या उपासनेआधी प्रकरण मिटवायला निघाले होते. आले ते थेट वाचनाच्या मधोमध.

विहीणबाई, वाचन चालू असताना कुणी बोलत नाही. राजा आला तरी बोलत नाही. आपोआप दोघांच्या टोप्या उतरल्या. हेस्टरनं त्यांना पाहिलं. मला वाटलं आता थांबेल. थांबली नाही. घाईही केली नाही. तुम्ही शिकवलंत तसं जिथं थांबायचं तिथंच थांबली, आणि मित्र लांबलचक बोलत होता त्याचं सगळं बोलणं वाचलं, एक ओळ गाळली नाही. दोघं पायपुसण्यावर उभे. कोपेयानच्या कोटावरून पाण्याचे थेंब माझ्या फरशीवर. त्याला बसताही येईना, जाताही येईना, खोकताही येईना. विश्वास नसलेल्या तोंडातून त्याला पूर्ण अध्याय ऐकावा लागला. मी माझ्या रिकाम्या ताटलीकडं बघत होते, कारण वर पाहिलं असतं तर मला हसू फुटलं असतं, आणि खरं सांगते, हसू नसतं फुटलं तर दुसरं काहीतरी फुटलं असतं.

संपलं. आणि मिंडरहाउट म्हणाला, "आमेन."

सवयीनं निघून गेलं बिचाऱ्याच्या तोंडून. कोपेयाननं मान वळवून त्याच्याकडं असं पाहिलं की त्याचे कान आणखी लाल झाले. पण त्यानं ते परत घेतलं नाही. टोपी फिरवत म्हणाला, "नीट वाचलं. शब्द कळला." मग लोटेकडं बघून थोडा मागं सरकला, हिनं आता विचारू नये म्हणून. लोटेनं विचारलंच. त्यानं बरोबर सांगितला.

कोपेयान मात्र बसला नाही. म्हणाला, एका दुपारनं काही मिटत नाही, हे वडीलधाऱ्यांच्या सभेपुढं ठेवावं लागेल, आणि त्याआधी आम्हाला योसशी आणि या बाईशी रीतसर बोलायचंय. हेस्टर म्हणाली, बोला, पण जेवणाच्या वेळी या, मला तेव्हाच वेळ असतो. माझ्यासमोर म्हणाली हो. कोपेयानला. मी लिहितानाही हसते आहे. त्यावर योस उठला, मला वाटलं बूट घालतोय. त्यानं जास्तीच्या दोन खुर्च्या कुठं आहेत ते विचारलं, मी म्हटलं, माळ्यावर, आणि तो म्हणाला, मी उतरवून ठेवतो.

मला पुढच्या प्रभुभोजनाला पुढं बोलावतील की नाही, ते माहीत नाही. ते मार्चमध्ये. नाही बोलावलं तर बाक आहेच.

हेस्टरला तुमच्या येण्याचं सांगितलं. तिनं विचारलं, माझी आई ऐकायला येतेय की न्यायला? मी म्हटलं, मला काय ठाऊक, तुझी आई आहे. ते तुम्ही तिलाच सांगा. पण एक विचारून ठेवते, तुम्हाला बेकन चालतं ना? गेल्या वेळी तुम्ही ताटलीच्या कडेला सारून ठेवलं होतंत, मी पाहिलं होतं.

तुमच्या कार्डावर यायची तारीख आहे. कोपेयाननं दारातून बाहेर पडताना बोलायला यायची तारीख तीच सांगितली. तुम्ही येताय हे मी त्याला बोलले नाही. तुम्हाला मात्र सांगून ठेवते: बुधवार, सतरा डिसेंबर, दुपारच्या जेवणाला.

तान्नेके